नेपाळमधील सामुदायिक वनव्यवस्था

गावालगतचे सरकारी जंगल ते वापरणाऱ्या कुटुंबांच्या नोंदणीकृत गटाकडे सोपवून त्यांच्याकरवीच राखण्याची नेपाळमधील पद्धत. जमिनीची मालकी सरकारची राहते. लाकूड, सरपण, चारा, पालापाचोळा आणि त्यातून येणारा पैसा गटाचा. १९९३ च्या वन अधिनियमाने या पद्धतीला भक्कम कायदेशीर आधार दिला. तिची सुरुवात मात्र त्याच्या वीस वर्षे आधीची आहे.

राणा घराण्यातील वंशपरंपरागत पंतप्रधानांच्या राजवटीत (१८४६–१९५१) जंगल हे दरबाराच्या मिळकतीचे साधन होते. तराईतला, म्हणजे दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यातला साल वृक्ष भारतातील रेल्वेच्या स्लीपरांसाठी विकला जाई आणि मर्जीतल्या घराण्यांना जमिनी-जंगले ‘बिर्ता’ म्हणून बहाल होत. ही सरंजामी मिरास मोडण्यासाठी १९५७ मध्ये खाजगी जंगलांचे राष्ट्रीयीकरण झाले. पण राखायला वनखात्याकडे पुरेशी माणसे नव्हती, हद्दी मोजलेल्या नव्हत्या. झाडे असलेली जमीन सरकारजमा होणार म्हटल्यावर ती तोडून शेत दाखवणेच अनेकांना सोयीचे वाटले. काही डोंगरी गावांत घराघरांतून माना-पाथीच्या मापाने धान्य गोळा करून राखणदार पोसण्याची रीत होती. कायद्याने तिची दखलही घेतली नाही. उघड्या पडलेल्या डोंगरांचे सारे खापर या एका कायद्यावर फोडले जाते, ते मात्र पटत नाही. मधल्या डोंगरपट्ट्यातले बरेच जंगल त्याआधीच शेतीखाली गेले होते.

१९७० च्या दशकात सिंधुपाल्चोक जिल्ह्यातील ठोकर्पा येथे जिल्हा वन अधिकारी तेजबहादुर सिंह महत यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून जंगल राखायला सुरुवात केली. अशा अनुभवांतून १९७८ चे नियम आले आणि जंगले ग्रामपंचायतींकडे देता येऊ लागली. यातली चूक लवकरच दिसली. पंचायतीची हद्द एक आणि जंगलात विळा घेऊन जाणारे लोक वेगळेच. त्यामुळे १९८९ च्या वनक्षेत्र बृहद् आराखड्याने आणि पुढे १९९३ च्या अधिनियमाने पंचायतीऐवजी ‘उपभोक्ता समूह’ हा घटक धरला. या साऱ्या सुधारणेतला सर्वांत शहाणा निर्णय मला हाच वाटतो.

समूह आपली घटना (‘विधान’) आणि जंगलाची कार्ययोजना तयार करतो, वनकार्यालय ती मंजूर करते. जंगल कोणत्या दिवशी खुले, सरपणाचे भारे किती, कुऱ्हाड चालेल की फक्त कोयता, हे सभेत ठरते. उत्पन्नाचा किमान २५ टक्के भाग जंगलावरच खर्च करावा लागतो. उरलेल्यातून गरीब कुटुंबांसाठी आणि महिलांसाठीही वाटा राखावा लागतो. कार्यकारिणीत निम्म्या महिला हव्यात, पण बैठकीत आवाज बहुधा गावातल्या वजनदार घरांचाच, ही तक्रार जुनी आहे. १९९५ मध्ये समूहांचा देशव्यापी महासंघ उभा राहिला. हे हक्क कमी करण्याचे सरकारी प्रयत्न त्याने अनेकदा रोखले. भारतात १९९० पासून आलेल्या संयुक्त वनव्यवस्थापनात समित्या बव्हंशी वनखात्याच्या छायेत राहिल्या. नेपाळी समूह कायद्याने स्वायत्त संस्था आहे. आपल्याकडे या तोडीचा हक्क गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला मिळाला, तो २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर.

आज असे २२ हजारांहून अधिक समूह २० लाखांहून अधिक हेक्टर जंगल सांभाळतात. २०१५ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात जंगल आणि इतर वृक्षाच्छादित जमीन मिळून देशाचा ४४.७४ टक्के भाग भरला. १९९० च्या दशकातील पाहणीत जंगल व झुडुपी रान मिळून हा आकडा सुमारे ४० टक्के होता. खरा फरक या बेरजेच्या पोटात आहे: तेव्हा झुडुपी रान दहा टक्क्यांवर होते, त्यातले बरेच पुढे जंगल झाले. उजाड उतारांवर लावलेल्या चिडाच्या (पाइन वृक्षाच्या) सावलीत चिलाउने, कटुस ही स्थानिक झाडे आपोआप उगवून आली.

तराईत गाडी अडली. तिथला साल मौल्यवान, जुने वापरकर्ते जंगलापासून लांब राहणारे, आणि सरकारलाही महसूल सोडवेना. तिथे सरकार आणि जवळचे-लांबचे वापरकर्ते मिळून जंगल सांभाळतात अशी ‘साझेदारी वन’ नावाची वेगळी तडजोड काढावी लागली. २०१४ मध्ये आणलेले ‘वैज्ञानिक वन व्यवस्थापन’, म्हणजे आखून टप्प्याटप्प्याने तोड करण्याची पद्धत, बेसुमार तोडीच्या आरोपांनंतर २०२१ मध्ये मागे घेतले गेले.

डोंगरांत प्रश्नच उलटला आहे. तरुण आखाती देशांत आणि मलेशियात गेले, गॅस आला, गुरे घटली. सरपणाच्या टंचाईसाठी घडवलेल्या नियमांपुढे आता दाट झालेले रान, वाळक्या पाल्याने भडकणारे वणवे आणि शेतात उतरणारी माकडे आहेत. परवानग्यांच्या फेऱ्यांत पडलेले लाकूड जंगलातच कुजते आणि काठमांडूतल्या घरांच्या दारा-खिडक्यांसाठी परदेशी लाकूड येते.