युद्धसाहाय्याचा वाद, पुणे

युद्धसाहाय्याचा वाद : ब्रिटिश साम्राज्याच्या महायुद्धाला हिंदुस्थानने रंगरूट (नवे भरती झालेले शिपाई) आणि पैसा पुरवत राहावे काय, आणि पुरवायचा तर कोणत्या अटीवर, यावर मुख्यतः पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४–१८) पुण्यात झडलेला सार्वजनिक वाद. टिळकपक्षाची केसरी व मराठा ही पत्रे एका बाजूला आणि नेमस्तांचे (मवाळांचे) ज्ञानप्रकाश व गोखल्यांच्या भारत सेवक समाजाची मंडळी दुसऱ्या बाजूला, अशी त्याची ढोबळ मांडणी करता येते. मात्र दोन्ही पक्ष युद्धाला मदत करा असेच म्हणत होते. युद्ध थांबवा, ही मागणी या वादात जवळजवळ ऐकूच येत नाही. ती उघडपणे करणे सोपेही नव्हते. १९१० चा वृत्तपत्र कायदा आणि १९१५ चा हिंदुस्थान संरक्षण कायदा संपादकांच्या डोक्यावर होते. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांनी नोव्हेंबर १९१७ मध्ये लंडनच्या डेली टेलिग्राफमध्ये पत्र लिहून तडजोडीने तह करावा असे सुचवले. तेच पुण्याच्या संपादकाने लिहिले असते तर त्याने सरकारकडे भरलेला जामीन जप्त व्हायला वेळ लागला नसता.

मंडालेच्या तुरुंगातून सुटून टिळक जून १९१४ मध्ये पुण्यास परतले आणि दोन महिन्यांच्या आत युद्ध सुरू झाले. ऑगस्टअखेर मराठामध्ये प्रसिद्ध केलेल्या पत्रात त्यांनी या संकटात सरकारला साहाय्य करणे हे प्रत्येकाचे कर्तव्य असल्याचे म्हटले. गोखल्यांचे मत यापेक्षा वेगळे नव्हते, पण ते फेब्रुवारी १९१५ मध्ये वारले. युद्ध लवकर आटोपेल अशी तेव्हा सर्वत्र समजूत असल्यामुळे मदतीच्या मोबदल्याचा प्रश्न कोणी नेटाने लावून धरला नाही.

युद्ध लांबल्याची झळ पुण्याला एका वेगळ्याच वाटेने लागली. मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) उतरलेल्या फौजेचा कणा असलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच ‘पूना डिव्हिजन’ होते आणि तिच्यात १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१४ मध्ये ही फौज फाव बंदरात उतरली ती इराणी आखाताच्या वरच्या टोकाशी असलेल्या तेलाच्या ठाण्याचे रक्षण करण्यासाठी. बसरा पडले, तेव्हा तो हेतू साधला होता. पण बसऱ्याच्या रक्षणासाठी पुढचे गाव, आणि त्या गावाच्या रक्षणासाठी त्याच्या पुढचे, असे करत फौज तैग्रिस नदीच्या काठाने वर सरकत गेली. १९१५ च्या शरदात बगदादवर चालून जाण्याचे ठरले, त्यामागे तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या फसत चाललेल्या मोहिमेत जाऊ लागलेली अब्रू पूर्वेकडे सावरून घेण्याचा विचार होता. बगदादजवळच्या टेसिफॉनच्या लढाईनंतर डिव्हिजन मागे हटली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकली. शिबंदीवर घोड्यांचे मांस खाण्याची पाळी आली. पुष्कळ हिंदी शिपायांनी धर्माच्या कारणाने ते प्रथम नाकारले. वेढा फोडण्याच्या प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० लोक तुर्कांच्या हाती सापडले. त्यांपैकी हजारो परतले नाहीत.

एवढ्या हानीनंतर मोहीम आवरती घ्यावी असे वाटणे साहजिक होते. झाले उलटेच. कुतची नामुष्की धुऊन काढायची तर बगदाद घेतलेच पाहिजे, असा युक्तिवाद पुढे आला आणि ११ मार्च १९१७ रोजी बगदाद घेण्यात आले. नावडते युद्ध चालू ठेवण्याच्या समर्थनाचा हा नेहमीचा साचा होय : मूळ उद्देश पार पडला किंवा फसला, की आधी झालेली हानी हेच पुढच्या हानीचे कारण होते. १९१४ मध्ये बेल्जियमसाठी, १९१५ मध्ये तेलासाठी, १९१६ नंतर अब्रूसाठी आणि १९१८ मध्ये जर्मन इराणमार्गे हिंदुस्थानावर येतील म्हणून, अशी कारणे बदलत गेली. या हलत्या कारणांच्या यादीत स्वराज्य हे एक कारण घालता येईल, हे टिळकांनी हेरले. त्यांच्या भूमिकेचे मर्म माझ्या मते एवढेच आहे. तिला नुसती राजनिष्ठा किंवा नुसता कावा म्हणणारे दोघेही तिचा निम्मा भाग सोडतात.

एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला टिळकांची होमरूल (स्वराज्य) लीग स्थापन झाली. तिचा कारभार पुण्यातून चाले. त्याच वर्षी टिळकांच्या भाषणांबद्दल पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून २०,००० रुपयांचा जातमुचलका (चांगल्या वर्तनाची लेखी हमी) आणि तेवढ्याच रकमेचे जामीन मागितले. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी मुंबई हायकोर्टाने हा हुकूम रद्द केला. कुतप्रकरणी नेमलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालामुळे भारतमंत्री चेंबरलेन यांनी जुलै १९१७ मध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या माँटेग्यूंनी २० ऑगस्टला जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली. म्हणजे पूना डिव्हिजनची शरणागती आणि राजकीय सुधारणा यांच्यात एक खराखुरा दुवा आहे, जरी तो कोणी योजलेला नव्हता.

या वादाची तिसरी बाजू पेठांतल्या पत्रांत फारशी उमटली नाही. महारांची सैन्यभरती १८९० च्या दशकात बंद करण्यात आली होती. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे अर्ज केला होता. पलटणीतली नोकरी म्हणजे पगार, पेन्शन, शिक्षण आणि मान. तेव्हा युद्ध योग्य की अयोग्य, हा प्रश्न या समाजापुढे वेगळ्याच रूपात उभा होता. माणसे कमी पडू लागल्यावर १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभारली गेली आणि युद्ध संपल्यावर, १९२१ मध्ये, मोडली गेली.

वाद सर्वांत तापला तो १९१८ मध्ये. मार्चमधील जर्मन चढाईनंतर व्हाइसरॉयने एप्रिलअखेर दिल्लीत युद्धपरिषद बोलावली. तीत पाच लाख नव्या रंगरुटांचे उद्दिष्ट ठरले. टिळकांना निमंत्रण नव्हते. गांधींनी ठरावाला पाठिंबा दिला आणि पुढे खेडा जिल्ह्यात बिनशर्त भरतीसाठी पायपीट केली. ज्या गावांनी आधीच्या शेतसाऱ्याच्या सत्याग्रहात साथ दिली होती, तिथे आता त्यांना गाडीही मिळेना. १० जूनला मुंबईच्या टाउन हॉलमध्ये प्रांतिक परिषद भरली. तिथे गव्हर्नर विलिंग्डन यांनी आरंभीच होमरूलवाल्यांच्या निष्ठेबद्दल शंका घेतली. टिळक राजनिष्ठेबद्दल दोन शब्द बोलून स्वराज्य आणि स्वसंरक्षण यांचा संबंध सांगू लागताच राजकीय चर्चेला परवानगी नाही म्हणून त्यांना अडवण्यात आले. ते सभात्याग करून निघाले, आणि न. चिं. केळकरांनीही तेच केले.

टिळकचरित्रांत येणारा यानंतरचा प्रसंग प्रसिद्ध आहे. हिंदी लोकांना सैन्यात अधिकारपदे देण्याचे सरकारचे वचन गांधींनी मिळवावे, म्हणजे आपण महाराष्ट्रातून ५,००० माणसे देऊ, न दिल्यास दंड म्हणून हे पैसे, असे सांगून टिळकांनी त्यांना ५०,००० रुपयांचा धनादेश पाठवला. मदत हा सौदा नव्हे, म्हणून गांधींनी तो परत केला. अधिकारपदांची मागणी सरकारने त्याच वर्षी अल्पशी मान्य केली आणि इंदूरच्या कॅडेट कॉलेजातून पहिले हिंदी अधिकारी डिसेंबर १९१९ मध्ये बाहेर पडले. त्याच महिन्यात अमृतसर काँग्रेसमध्ये टिळकांनी मांडलेली प्रतियोगी सहकारिता (सरकार जेवढे सहकार्य करील तेवढेच आपण करावे, हे धोरण) युद्धकाळातील या भूमिकेचीच पुढची पायरी होय.

दुसऱ्या महायुद्धात हाच पेच पुन्हा पुण्यातच उभा राहिला. २७–२८ जुलै १९४० रोजी येथे भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने हंगामी राष्ट्रीय सरकार दिल्यास युद्धात सहकार्य करू, असा ठराव मंजूर केला. या वेळी सशर्त सहकार्य काँग्रेसचे अधिकृत धोरण होते आणि गांधी अहिंसेच्या प्रश्नावर त्यापासून अलग झाले होते. ८ ऑगस्टला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी दिलेल्या उत्तरात हंगामी सरकार नव्हते. काँग्रेस पुन्हा गांधींकडे वळली आणि १७ ऑक्टोबरला विनोबांनी पवनारला युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाला आरंभ केला. सावरकरांची हिंदुमहासभा मात्र याच काळात सैनिकीकरणाचा पुरस्कार करत तरुणांना पलटणीत जाण्यास सांगत होती.