ट्रोम्सोच्या प्रवासासाठी शेंगेन व्हिसा: कोकणातील अर्जदारांनी करावयाची तयारी

नॉर्वेतील ट्रोम्सो हे शहर आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे ३५० किलोमीटर उत्तरेला आहे. साधारणपणे २० मे ते २२ जुलै या काळात तेथे सूर्य मावळत नाही, तर सप्टेंबरपासून पुढे आकाश निरभ्र असल्यास ध्रुवीय प्रकाश दिसू शकतो. आंबा उतरून झाल्यावरचे जून-जुलै किंवा मोहोराच्या फवारण्या सुरू होण्यापूर्वीचे सप्टेंबर-ऑक्टोबर हे दोन्ही काळ आपल्याकडील बागायतदारांना सोयीचे आहेत.

नॉर्वे युरोपीय संघाचा सदस्य नाही, परंतु शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे; म्हणून भारतीय पासपोर्टधारकाला शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. एकाच प्रवासात अनेक देश पाहायचे असतील, तर जेथे सर्वाधिक दिवस मुक्काम आहे त्या देशाकडे अर्ज करावा. पासपोर्ट मागील दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पाने कोरी असलेला असावा.

अर्ज नॉर्वेच्या इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर भरून शुल्कही तेथेच भरायचे असते. प्रौढांसाठी ते ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो असून त्याहून लहान मुलांना माफ आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयासाठी सामान्यतः १५ दिवस लागतात, मात्र ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. त्यामुळे किमान दोन महिने हाताशी ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोकणातील अर्जदारांना सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती उत्पन्नाच्या पुराव्याची. नोकरदाराकडे पगारपत्रक, रजेचा दाखला आणि आयकर विवरणपत्र सहज असते. पण शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे अनेक बागायतदारांनी विवरणपत्र कधी भरलेलेच नसते, आणि वर्षाचा सगळा पैसा एप्रिल-मेमध्ये जमा होत असल्याने शेवटच्या तीन महिन्यांचा बँक उतारा रिकामा दिसतो. अशा अर्जदाराने वर्षभराचा उतारा, सातबारा, ८अ (खातेउतारा) आणि दलालाकडील हिशेबपट्ट्या जोडाव्यात आणि हंगामाचे चक्र समजावणारे एक पानी पत्र इंग्रजीत द्यावे. सातबारा सामाईक असेल आणि त्यावर चुलत्यांसह दहा-पंधरा नावे असतील, तर त्यातील आपला हिस्सा किती, हे त्या पत्रात लिहावे. मराठी कागदपत्रांसोबत इंग्रजी भाषांतर हवेच. घर, बाग, होडी किंवा घरगुती निवासाचा व्यवसाय यांचे कागद पैशाइतकेच महत्त्वाचे आहेत, कारण अर्जदार परत येईल याची खात्री अधिकारी त्यांवरून करून घेतात. नॉर्वे दरदिवशी साधारण ५०० क्रोनर (नॉर्वेचे चलन) खर्चाची तयारी अपेक्षित धरते; अर्जाच्या तोंडावर खात्यात अचानक मोठी रक्कम भरणे टाळावे.

नावाची तफावतही आधीच तपासावी. सातबाऱ्यावर एक आडनाव आणि पासपोर्टवर दुसरे, असे आपल्याकडे सर्रास आढळते. तेथे दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे.

याशिवाय किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण देणारा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रात लागू असलेला प्रवास विमा, ३५ बाय ४५ मिलिमीटरची छायाचित्रे, विमानाचे आरक्षण, निवासाचा पुरावा आणि दिवसवार कार्यक्रम लागतो. मुलांसाठी जन्मदाखला आणि आई-वडिलांची संमती जोडावी.

बोटांचे ठसे देण्यासाठी मुंबईतील व्हिसा केंद्रात वेळ घेऊन प्रत्यक्ष जावे लागते. पूर्वी शेंगेन व्हिसासाठी ठसे दिले असतील, तर ते ५९ महिन्यांपर्यंत पुन्हा वापरता येतात. बारा वर्षांखालील मुलांना ठशांतून सूट आहे. रात्रीच्या कोकणकन्या एक्स्प्रेसने निघून दुसऱ्या दिवशी काम उरकता येते, मात्र गणपतीच्या आसपासची तारीख घेऊ नये, कारण त्या दिवसांत परतीचे तिकीट मिळणे कठीण असते.

ट्रोम्सोहून पुढे उत्तरेकडील स्वालबार्ड या द्वीपसमूहाला जायचे असल्यास अर्जात दोन किंवा अधिक प्रवेशांचा व्हिसा अवश्य मागावा. स्वालबार्ड नॉर्वेचे असले तरी शेंगेन क्षेत्राबाहेर आहे. तेथे जाण्यास व्हिसा लागत नाही, पण एकाच प्रवेशाच्या व्हिसावर तेथून मुख्य भूमीवर परतता येत नाही.

अर्ज नाकारला गेल्यास कारण लेखी मिळते आणि तीन आठवड्यांत अपील करता येते. अपिलात नाकारण्याच्या नेमक्या कारणालाच उत्तर देणारा नवा कागद जोडावा.