बुलेटचं टॅपेट: शून्य गॅप म्हणजे घट्ट नव्हे

टॅपेट लावणं म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व (हवा-वायूंच्या वाटा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपा) आणि त्यांना ढकलणारे भाग यांच्यातली फट, म्हणजे गॅप, बरोबर ठेवणं. स्प्लेंडरसारख्या गाडीला त्यासाठी फीलर गेज, म्हणजे पातळ पत्त्यांचा संच लागतो. ठरलेल्या जाडीची पत्ती रॉकर (व्हॉल्व दाबणारी तरफ) आणि व्हॉल्वच्या मध्ये सरकवायची, ती किंचित अडकत सरकली की झालं. जुन्या लोखंडी सिलिंडरच्या 350 बुलेटला मात्र पत्तीचा उपयोग नाही, कारण मॅन्युअलमध्ये गॅपचा आकडाच शून्य दिलेला आहे, तोही इंजिन थंड असताना. मोजायला लागतात दोन बोटं. आणि या शून्याचा अर्थ ‘घट्ट’ असा घेतल्यामुळे अनेक एक्झॉस्ट व्हॉल्व (जळलेले वायू बाहेर सोडणारे) जळाले आहेत.

आधी रचना पाहू. 70 मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), 90 मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), 346 सीसी. 1955 पासून मद्रासला जुळणी सुरू झालेलं हे इंजिन मूळच्या इंग्लंडमधल्या रेडिचच्या आराखड्यावर दशकानुदशकं चाललं. कॅम (उंचवटा असलेला फिरता भाग) खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, व्हॉल्व वर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या माथ्यावर, आणि दोघांना जोडणाऱ्या दोन लांब दांड्या म्हणजे पुशरॉड. कॅमचा उंचवटा टॅपेट नावाच्याच छोट्या भागाला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर दुसऱ्या टोकाने व्हॉल्व खाली दाबतो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे फिरत असेल तर हे सगळं प्रत्येक व्हॉल्वच्या बाबतीत सेकंदाला 25 वेळा घडतं.

आता हे सगळे भाग तापतात आणि तापले की वाढतात. 10 सेंमी लांबीची पोलादी दांडी 100 अंशांनी तापली तर साधारण 0.12 मिमी वाढते, ॲल्युमिनियमची असेल तर 0.23 मिमी. टॅपेटची गॅप नेमकी याच हिशेबातली. ट्रायम्फच्या 650 बॉनव्हिलला इनलेटला (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्वला) 0.05 आणि एक्झॉस्टला 0.10 मिमी ठेवतात, म्हणजे कागदाच्या जाडीएवढी. बुलेटचं सिलिंडर आणि हेड तापून उंच होतात तसा रॉकरही वर जातो. पुशरॉड पोलादी असत्या तर त्या मागे पडून गरम इंजिनात गॅप वाढली असती. म्हणून त्या ॲल्युमिनियमच्या केल्या. त्या इंजिनाबरोबर वाढतात आणि थंडपणी शून्य गॅप ठेवली तरी निभावतं.

शून्य म्हणजे काय, ते बोटांनी कळतं. पुशरॉड अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवली तर ती सहज, अडखळल्याशिवाय गोल फिरली पाहिजे. तीच वर-खाली हलवली तर खडखड जाणवता कामा नये. फिरते पण हलत नाही, एवढंच माप. फिरवायला जोर लागला तर ते शून्य नव्हे, टाईट झालं. व्हॉल्व सीटवरून, म्हणजे तो मिटून बसतो त्या कड्यावरून, सूतभर उचलला गेला आहे.

कामाला गाडी रात्रभर उभी असलेली हवी. सकाळी ऑफिसला जाऊन आल्यावर ‘गार झाली’ म्हणून लावलेलं टॅपेट हमखास चुकतं. मेन स्टँडवर घ्या, प्लग काढा, टॉप गिअर टाका. आता मागचं चाक हाताने पुढे फिरवलं की इंजिन फिरतं, आणि किक मारण्यापेक्षा यात ताबा चांगला राहतो. सिलिंडरच्या उजव्या अंगाला एका नटवर बसलेलं छोटं झाकण आहे, ते काढा. खाली फडकं धरा, कारण हेडमधलं ऑइल याच वाटेने खाली येतं आणि चमचाभर तरी सांडतंच. आत दोन पुशरॉडची खालची टोकं दिसतील. प्रत्येकीला एकावर एक असे तीन षटकोन. मधला चेकनट, म्हणजे लावलेलं माप जागेवर धरणारा नट; वरचा आणि खालचा एकमेकांच्या विरुद्ध फिरवले की एकूण लांबी कमी-जास्त होते.

पाना लावण्याआधी पिस्टन कॉम्प्रेशनच्या (हवा-पेट्रोल दाबण्याच्या फेरीच्या) शेवटी, वरच्या टोकाला आणायचा. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो. एकदा कॉम्प्रेशनला, तेव्हा दोन्ही व्हॉल्व बंद आणि दोन्ही पुशरॉड मोकळ्या. दुसऱ्यांदा एक्झॉस्टच्या शेवटी, तेव्हा एक व्हॉल्व मिटत असतो, दुसरा उघडत असतो आणि दोन्ही दांड्या दाबाखाली असतात. या दुसऱ्या जागी टॅपेट ‘मोकळं’ केलं तर प्रत्यक्षात गॅप प्रचंड होते आणि गाडी पिठाच्या गिरणीसारखी वाजते. ओळखायचं सोपं आहे: प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून चाक फिरवा, हवा अंगठ्याला ढकलू लागली की कॉम्प्रेशन. मग प्लॅस्टिकची स्ट्रॉ भोकात सोडा, ती वर येऊन थांबली की पुरे. अंशभर इकडेतिकडे चालतं, कारण तिथे कॅमचा गोल भाग बराच रुंद असतो. स्ट्रॉऐवजी स्क्रूड्रायव्हर घालू नका. भोक तिरकं असल्याने तो अडकतो.

इनलेट कुठली आणि एक्झॉस्ट कुठली याचा संभ्रम असेल तर या जागेपासून चाक हळूहळू पुढे फिरवा. जी दांडी आधी वर उचलली जाईल ती एक्झॉस्टची. मग पुन्हा कॉम्प्रेशनवर या.

पाने पातळ तोंडाचे लागतात, टॅपेटचे म्हणूनच मिळतात. जुन्या बुलेटचे नटबोल्ट इंची मापाचे. जवळचा मेट्रिक पाना बसवून रेटला की षटकोनाचे कोपरे गोल होतात, आणि एवढ्या अडचणीच्या जागेत गोल झालेला नट काढणं ही शिक्षाच. चेकनट सैल करा, लांबी बदला, बोटांनी तपासा. हात हलका हवा. आट्याचं पिच (एका पूर्ण फेऱ्यात सरकणारं अंतर) 1 मिमीच्या आसपास धरलं तर षटकोनाची एक बाजू फिरवणं म्हणजे जवळजवळ 0.17 मिमी, इथे तेवढंही खूप होतं. मग चेकनट कसा आणि परत तपासा. चेकनट कसताना माप सरकतंच, त्यामुळे अनुभवी हात आधी किंचित सैल ठेवतात आणि कसल्यावर ते बरोबर शून्यावर येतं. दोनतीन वेळा खोल-बंद करावं लागलं तर आपलं काही चुकतंय असं समजू नका. शेवटी चाकाने इंजिन दोनचार चक्रं फिरवून पुन्हा कॉम्प्रेशनवर आणा आणि परत बोटं लावा. एखाद्या जागी दांडी मोकळी आणि दुसऱ्या फेरीत घट्ट लागली तर पुशरॉड वाकडी आहे किंवा टॅपेटचा तळ झिजला आहे. त्याला पाना उपयोगाचा नाही.

एक्झॉस्टला केसभर जास्त मोकळीक ठेवणारे मेकॅनिक पुष्कळ आहेत आणि त्यामागे कारण आहे. एक्झॉस्ट व्हॉल्ववरून जळते वायू जातात. त्याची बहुतेक उष्णता, मिटलेला असताना, कडेकडून सीटमध्ये उतरते. व्हॉल्व नीट बसलाच नाही तर ती वाट बंद; उलट फटीतून ज्वाळा जाते आणि कड तासल्यासारखी खाल्ली जाते. त्यात टाईट टॅपेट आवाज करत नाही, उलट इंजिन छान शांत वाटतं. मग कधीतरी गरम गाडी स्टार्ट व्हायला कुरकुरते, किकला दाब लागत नाही, सायलेन्सरमधून फटफट येते. तोवर उशीर झालेला असतो. सैल टॅपेट निदान टकटक करून सांगतं. व्हॉल्व उशिरा उघडतो, लवकर मिटतो, थोडी ताकद जाते, टोकं ठोकून झिजतात, पण ते महिनाभराने दुरुस्त करता येतं.

शिवाय वापराने गॅप दोन्ही दिशांना सरकते. रॉकर, पुशरॉड आणि टॅपेटची टोकं झिजली की वाढते. व्हॉल्व सीटमध्ये रुतत गेला की त्याची दांडी वर येते आणि गॅप मिटते. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं सीटवर पातळ थर धरून ही रुतण्याची गती कमी ठेवायचं. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, तेव्हापासून जुन्या सीटच्या गाडीला एक्झॉस्ट जास्त वेळा पाहावं लागतं. हेडचे नट कसले की टॅपेट पाहायचंच: गॅस्केट (सांध्यातला गळती रोखणारा थर) दबतं, हेड खाली येतं, दांड्या आवळतात.

सगळं बरोबर लावूनही टकटक राहिली तर पुन्हा टॅपेट पिळत बसू नका. रॉकरच्या बेअरिंगचे ठोकळे झिजले की असाच आवाज येतो. आणि झाकण लावताना गॅस्केट नवं घ्या, नट बेताने कसा. ऑइल गळतंय म्हणून आणखी आवळलं की झाकण वाकतं आणि मग ते कायमचंच गळतं.