सोनकी की कारळा? शरदातल्या डोंगरावरचे दोन पिवळे रंग

भाद्रपद सरत आला की सह्याद्रीतले फोटो पिवळे व्हायला लागतात. एक राजगडाच्या उतारावरचा, एक भंडारदऱ्याहून रतनवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा, आणि दोन्हींखाली ओळ मात्र एकच: ‘सोनकीचा गालिचा’. गडावरच्या फोटोला ती शोभते. रस्त्याकडेच्या फोटोत मात्र बहुतेक वेळा कारळ्याचं शेत असतं, म्हणजे कुणीतरी पेरलेलं, गुराढोरांपासून राखलेलं, दिवाळीच्या आगेमागे कापणीला येणारं पीक. त्याला रानफूल म्हटलं की त्यामागचे कष्ट फोटोतून पुसले जातात. म्हणून हा फरक नीट समजून घ्यायला हवा असं मला फार वाटतं.

गोंधळ होतो यात नवल नाही. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या, दोन्हींची फुलं पिवळी, मध्ये पिवळी गादी आणि भोवती पाकळ्या. फुलण्याचा काळही जवळपास एकच, सप्टेंबर-ऑक्टोबर. पण सोनकी, म्हणजे सेनेसिओ बॉम्बेएन्सिस, ही इथलीच रानवनस्पती. पाऊस ओसरताना कड्यांवर, पठारांवर, गडांच्या माच्यांवर ती आपसूक उगवते. कारळा म्हणजे ग्विझोटिया ॲबिसिनिका, मूळचा इथिओपियाचा, पण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, अकोले, जुन्नर या डोंगराळ पट्ट्यात तो हलक्या, मुरमाड, उताराच्या जमिनीत घेतात. नाशिककडे त्याला खुरासणी म्हणतात. त्याच्या काळ्या चकचकीत बियांची चटणी ठाऊक नाही असं घर विरळाच; बियांत सुमारे ३० ते ४० टक्के तेल असतं.

लांबून ओळखायचं तर फुलाकडे पाहू नका, पिवळ्या रंगाच्या कडा पाहा. सोनकी मातीच्या मागे जाते. कातळ आला की थांबते, खडकाच्या भेगेत दोन झाडं, पुढे मऊ उतारावर पुन्हा दाट. तिच्यात गवत असतं, तेरड्याचा गुलाबी रंग मिसळलेला असतो. कारळ्याचा पिवळा मात्र बांधाशी येऊन थांबतो. शेजारच्या तुकड्यात नागलीची तपकिरी कणसं, खालच्या खाचरांत पिकायला आलेलं भात, आणि मध्ये पिवळा चौकोन दिसला, तर ते शेतच.

जवळ गेलात तर फुलाच्या आधी पानं बघा. कारळ्याच्या खोडावरची पानं समोरासमोर जोडीनं येतात, देठ जवळपास नसतोच, आणि बोट फिरवलं तर ती खरखरीत लागतात. अगदी शेंड्याकडे ही जोडी कधी कधी चुकते, म्हणून खोडाचा मधला भाग पाहायचा. सोनकीची पानं एकाआड एक असतात आणि त्यांच्या कडा दातेरी. मग फूल हलकेच उलटं करून पाहायचं, तोडायचं नाही. कारळ्याच्या फुलाखाली पसरट, पानांसारखीच हिरवी अशी साधारण पाच दलं दिसतात. सोनकीच्या फुलाखाली अरुंद दलं एका ओळीत चिकटून उभी असतात आणि त्यांचा लहानसा पेला होतो. कारळ्याच्या पाकळ्या बहुधा आठ, रुंद, टोकाला तीन ठळक दाते असलेल्या. फुलोरा सरल्यावर तर शंकाच उरत नाही: सोनकीला पांढरे मऊ तंतू येतात आणि बी वाऱ्यावर जातं, कारळ्याचं बी तंतूंविना तिथंच बोंडात राहतं.

आता कॅमेऱ्याकडे. दाट पिवळा रंग दोन्हीकडे सारखाच दगा देतो. या रंगात लाल आणि हिरवा दोन्ही भरपूर असतात आणि लाल आधी फुटतो, म्हणजे गरजेपेक्षा उजळ होऊन त्यातला तपशील जातो. एकत्र हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा कॅमेऱ्यावर दिसणारा आलेख, ठीक दिसतो, पण पाकळ्यांचे बारकावे गेलेले असतात. म्हणून तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे बघावेत आणि एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा उजेड) अर्धा ते पाऊण स्टॉप, म्हणजे उजेडाच्या मापाची अर्धी-पाऊण पायरी, कमी ठेवावं. मोबाइलवर पिवळ्यावर बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढला तरी काम होतं. लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर असेल तर पानांवरची चमक कमी होते आणि हिरवा-पिवळा वेगळा उठतो.

सोनकीसाठी खाली बसावं लागतं. झाड गुडघ्याच्या आतबाहेर, त्यामुळे उभं राहून काढलेल्या फोटोत नुसते ठिपके दिसतात. वाइड लेन्स जमिनीलगत, समोर फुलांचा एखादा झुबका, मागे तटबंदी किंवा कड्याची रेघ आणि ऑक्टोबरातलं धुतलेलं आकाश. तिथं वारा थांबत नाही, शटरचा वेग १/५०० सेकंदाहून कमी ठेवू नये. सोनकीच्या फोटोत दगड हवाच. तो नसेल तर ती कुठं जगते हे कळतच नाही.

कारळ्याला अंतर द्यावं. समोरच्या टेकडीवरून, १०० ते २०० मिलिमीटरच्या लेन्सनं, सकाळी सात ते साडेआठच्या तिरप्या उन्हात. या उन्हात बांधांच्या सावल्या पडतात आणि शेताची रचना उलगडते. दुपारच्या फोटोत तो नुसता पिवळा पट्टा उरतो. फ्रेममध्ये पायवाट, कौलारू घर किंवा राबणारं माणूस आलं तर उत्तम, मात्र माणसाला विचारूनच. नंतर ऊन वर आलं की जवळच्या फोटोंची वेळ. कारळा स्वतःच्या परागांवर सहसा बी धरत नाही, त्याला मधमाश्या लागतात, आणि सकाळी फुलाफुलावर त्या असतात. मधमाशी फुलाच्या गादीवर गोल फिरते, तिच्या मागच्या पायांवर परागांच्या पिवळ्या गोळ्या चिकटलेल्या असतात. सूर्य फुलामागे ठेवला तर रुंद पाकळ्यांतून उजेड आरपार येतो आणि मधमाशीचे पंखही उजळतात. मला विचाराल तर शरदातल्या शेताचा याहून बोलका फोटो नाही: पुढच्या तेलाची सुरुवातच तिथं दिसते.

तिसरं एक पिवळं फूल याच गोंधळात येतं, कवळा. कास पठारावर पिवळी चादर दिसली की ती पुष्कळदा याचीच असते. फूल वाटाण्याच्या फुलासारखं, वर दोन लाल ठिपके, म्हणून त्याला मिकी माऊस म्हणतात. एकदा नीट पाहिलं की चूक होत नाही.

वागण्याचे नियमही दोन्हीकडे वेगळे आहेत. कास २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर ठिकाणांसह जागतिक वारसा यादीत गेलं. तिथं आणि कुठल्याही पठारावर मळलेली वाट सोडायची नाही, कारण कातळावरची माती बोटभर जाडीची असते. कारळ्याच्या शेतात मालकाला विचारल्याशिवाय शिरूच नये. भर फुलोऱ्यात झाड आडवं केलं तर त्याचं बी गेलं, आणि डोंगरातल्या त्या लहान तुकड्यात शेतकऱ्याच्या हाती विकण्याजोगं बरेचदा तेवढंच येतं. गुरं कारळा फारसा खात नाहीत, म्हणून काही ठिकाणी तो दुसऱ्या पिकाच्या कडेनं राखण म्हणूनही लावतात. अशा पट्ट्यात फोटोसाठी फट पाडली तर आतलं पीकही उघडं पडतं.

खरी अडचण येते ती डोंगरउतारावरच्या शेतात, जिथं कारळा तुकड्यात आणि सोनकी त्याच्याच बांधावर फुललेली असते. तिथं दोन्ही एका फ्रेममध्ये घ्या, बांध मधोमध येऊ द्या, आणि ओळीत दोघांची नावं लिहा. गावाचं नावही लिहा, महिना लिहा. विचारल्यावर शेतकऱ्यानं पिकाचं जे नाव सांगितलं, खुरासणी म्हणो की कारळा, तेच लिहा.