लघवी आटली की तुंबली?

रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला, की लघवी कमी होणे आणि जळजळणे या तक्रारींना घरोघरी एकच नाव मिळते: उन्हाळी लागली. बहुतेकदा ते खरेही असते, कारण घामावाटे पाणी गेल्यावर मूत्रपिंडे लघवी आटवतातच. परंतु लघवी तयार होऊनही वाटेत तुंबलेली असू शकते, आणि बाहेरून दोन्ही स्थिती सारख्याच दिसतात.

रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) ४८ तासांत डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढले किंवा ७ दिवसांत मूळच्या दीडपट झाले, तर मूत्रपिंडाला तीव्र इजा झाली असे मानतात. अशा रुग्णांपैकी थोड्यांतच अडथळा सापडतो; तरीही तो आधी शोधायचा, कारण वाट वेळेत मोकळी झाली तर मूत्रपिंड बरेचदा सावरते. दोन्ही मूत्रपिंडे निरोगी असताना एका बाजूला मुतखडा अडकला, तर क्रिएटिनिन सहसा फारसे वाढत नाही. ते झपाट्याने वाढले तर अडथळा दोन्ही बाजूंना, एकुलत्या मूत्रपिंडाच्या वाटेत किंवा मूत्राशयाच्या खाली असू शकतो. वयस्कर पुरुषांत प्रोस्टेटची (मूत्राशयाखालच्या ग्रंथीची) वाढ आणि स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग यांचा विचार त्यामुळेच होतो.

‘लघवी तर होते आहे’ या उत्तरावर विसंबणे ही माझ्या मते सर्वांत महागडी चूक. अर्धवट अडथळ्यात लघवी नेहमीइतकी, क्वचित जास्तही होते, आणि काठोकाठ भरलेल्या मूत्राशयातून थेंबथेंब गळणाऱ्या लघवीलाही घरचे लोक ‘होते आहे’ असेच म्हणतात. म्हणून डॉक्टर ओटीपोट चाचपतात, लघवीनंतर मूत्राशयात किती उरली ते सोनोग्राफीने मोजतात आणि प्रसंगी नळी घालतात. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने सर्दीची गोळी घेतली होती का, हेही विचारावे. काही गोळ्यांनी लघवी अडकते.

सोनोग्राफीत ‘किडनीला सूज’ असे सांगतात, त्याचा अर्थ येथे लघवी साचून आतली पोकळी फुगली असा असतो. मात्र अडथळा एक-दोन दिवसांचाच असेल किंवा रुग्णाच्या शरीरातील पाणी कमी झाले असेल, तर ही सूज दिसेलच असे नाही. म्हणजे उन्हाने सुकलेल्या रुग्णातच तपासणी चकवू शकते. शंका राहिल्यास सलाइननंतर सोनोग्राफी पुन्हा करतात किंवा कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे शिरेतून औषधी द्रव न देता, सीटी स्कॅन करतात. साध्या एक्स-रेत न दिसणारे युरिक आम्लाचे खडेही त्यात दिसतात.

वाट मोकळी झाल्यावर काहींना ताशी २०० मिलिलिटरहून अधिक लघवी होत राहते, आणि मग तोच रुग्ण पुन्हा कोरडा पडू नये म्हणून तिचे माप तासातासाला ठेवावे लागते.