जादू नसलेली ‘चंद्रकांता’ आणि इंदूरचे वाचक

इंदूरच्या मराठी घरांत ‘चंद्रकांता’चा विषय निघाला की साठीच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे सरळ दोन तट पडतात. अलीकडच्यांना आठवतं ते दूरदर्शन, रविवारची सकाळ, हातात पोह्यांची बशी आणि क्रूरसिंहाचा ‘यक्कू’. पलीकडच्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं: मालिकेने कादंबरीची पार वाट लावली. हे वाक्य मी लोकमान्य नगरात ऐकलंय, रामबागेत ऐकलंय, लग्नाच्या पंगतीतही ऐकलंय. वाट लावली म्हणजे नेमकं काय केलं, असं विचारलं की मात्र उत्तरांना फाटे फुटतात. कुणी म्हणतं पात्रं वाढवली, कुणी म्हणतं गोष्ट ताणली. मला या तक्रारी वरवरच्या वाटतात. खरं दुखणं निराळं आहे, आणि ते कळायला १८८८ सालापर्यंत मागे जावं लागतं.

त्या साली देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ आली. खत्रींचा जन्म १८६१चा, बिहारातला, कर्मभूमी काशी. काशीनरेशांच्या मुलखातल्या चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका त्यांनी काही वर्षं घेतला होता. त्या निमित्ताने रान तुडवताना पडके किल्ले, गुहा, डोंगरातल्या आडवाटा त्यांनी पाहिल्या आणि ठेका सुटल्यावर त्या कादंबरीत उतरवल्या. त्यामुळे नौगढ, विजयगढ, चुनार ही गावं नकाशावर बोट ठेवून दाखवता येतात. गोष्ट म्हणाल तर दोन ओळींची. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकन्या चंद्रकांता, तिच्यावर डोळा ठेवून असलेला वजिराचा मुलगा क्रूरसिंह आणि त्याला आसरा देणारा चुनारचा राजा शिवदत्त. राजकन्या तिलिस्मात, म्हणजे खजिना राखणाऱ्या भुलभुलैयात, अडकते, राजकुमार तिलिस्म तोडून तिला सोडवतो.

सगळी गंमत आहे ती ऐयारांत. ऐयार म्हणजे दरबाराच्या पगारावरचा हरहुन्नरी माणूस. वेष पालटणं, मैलोन्‌मैल धावणं, गाणंबजावणं, औषधांची पारख, हेरगिरी, सगळं त्याला यावं लागतं. कमरेला बटवा, खांद्यावर कमंद, म्हणजे भिंती चढायचा दोर. बटव्यात बेहोशीची पूड असते, शुद्धीवर आणायचा लखलखा असतो, चेहरा रंगवायचं सामान असतं. शत्रूकडचा ऐयार सापडला तर त्याला बांधून ठेवायचं, मारायचं नाही, हा धंद्यातला अलिखित करार. हे ऐयार खत्रींनी शोधून काढलेले नाहीत. फारसी-उर्दू दास्तानींत, म्हणजे लांबलचक अद्भुत कथांत, ते आधीपासून होते. लखनौच्या नवलकिशोर प्रेसने १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे जाडजूड खंड छापायला घेतले होते. तिथे जादूगारांचा बादशहा अफरासियाब आहे, मंत्रतंत्र आहे, हवेत उभी राहणारी नगरं आहेत आणि या सगळ्यांना नुसत्या चलाखीवर चकवणारा अमर नावाचा ऐयार आहे.

खत्रींनी त्या दुनियेतून ऐयार उचलला, तिलिस्म उचललं आणि जादूगाराला मात्र दाराबाहेर ठेवलं. त्यांच्या पुस्तकांतलं तिलिस्म कोण बांधतं? ज्याच्याकडे अमाप खजिना आहे आणि वारस नाही असा राजा. तो ज्योतिषी, वैद्य, कारागीर गोळा करतो आणि दारं, कळा, फिरते दगड, गुंगीचे धूर यांनी भरलेली वास्तू उभी करतो. पुढे ज्याच्या नावचं ते धन असेल त्यालाच ती उघडावी म्हणून. खंडहरातला दगडी बगळा चंद्रकांतेला गिळतो तेव्हा वाचक हबकतो, पण पुढे कधीतरी हिशेब मिळणार हे त्याला ठाऊक असतं. पुढच्या ‘चंद्रकांता संतति’त तिलिस्मी खंजीर येतो. मूठ दाबली की विजेसारखा लखलखाट, अंगाला लागला की माणूस बेशुद्ध. आणि त्याच धातूंची जोडीची अंगठी बोटात असेल तर काहीएक होत नाही. अंगठी कुणाच्या बोटात आहे, कुणी पळवली, कुणाला तिचा पत्ता नाही, यावर कितीतरी डाव फिरतात. मंत्र असता तर हे जमलं नसतं. मंत्राला वाचक हिशेब विचारत नाही.

मराठीत तोवर वारं उलट्या दिशेला वळलं होतं. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची आणि नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. म्हणजे अद्भुतरम्य कादंबरी आपल्याकडे हिंदीच्या आधी अवतरली होती. पण १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठ्यांनी ‘नावल व नाटक’ या विषयावरच्या निबंधात या कादंबऱ्यांना चांगलंच झोडपलं आणि १८८५ मध्ये हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ सुरू झाल्यावर तर निकालच लागला. खत्री काशीत तिलिस्म रचत होते तेव्हा पुण्यात अद्भुताची बिनपाण्याने झालेली होती. पुढे नाथमाधवांचा ‘वीरधवल’ घरोघर वाचला गेला, तरी समीक्षकांच्या पंगतीत अशा कादंबरीला पाट मिळाला नाही तो नाहीच.

होळकरांच्या इंदुरातल्या मराठी वाचकाची मात्र सोय होती. घरात मराठी, बाजारात आणि शेजारी हिंदी, लिपी तर एकच. १९१७ मध्ये इंदुरात मराठी साहित्य संमेलन भरलं आणि लगेच १९१८ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन. १९३५ मध्ये तर एकाच वर्षात दोन्ही: मराठीचे अध्यक्ष औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी, हिंदीचे पुन्हा गांधीजी. अशा गावात हरिभाऊ आणि खत्री एकाच फडताळात बसले तर नवल काय? हरिभाऊ पुढच्या रांगेत, पाहुण्यांना दिसतील असे; खत्री मागे. माझ्याकडची ‘संतति’ खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातली आहे. तिच्यावर भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयाचा पुसट शिक्का आहे आणि समासात कुणीतरी पेन्सिलीने मराठीत लिहून ठेवलंय, ‘हा भूतनाथ नव्हेच’. भूतनाथ म्हणजे ‘संतति’तला एक ऐयार, आणि चार पानांनी तो भूतनाथच निघतो. त्या वाचकाने ओळ खोडली नाही, खाली फक्त एक उद्गारचिन्ह काढलंय.

आचार्य रामचंद्र शुक्लांनी हिंदी साहित्याच्या इतिहासात खत्रींना साहित्याच्या मोठ्या दालनात बसवायला नकार दिला, पण एक गोष्ट मोकळ्या मनाने मान्य केली: हिंदीला जितके वाचक या माणसाने मिळवून दिले तितके दुसऱ्या कुणीच नाहीत. ‘संतति’चे चोवीस भाग, तेही एकामागून एक येणारे. वाचक पुढच्या भागाची वाट बघत आणि मधल्या वेळात भांडत. म्हणजे मालिकेवरून झालेला वाद काही नवा नाही. ‘संतति’च्या शेवटी खुद्द खत्रींनीच लिहून ठेवलंय की, हे कथानक संभवनीय की असंभवनीय यावर काही मित्रांनी वर्तमानपत्रांतून आंदोलन उठवलं. त्यावर त्यांचं उत्तर असं की, या गोष्टी लोकांनी खऱ्या-खोट्याची परीक्षा घ्यावी म्हणून लिहिलेल्या नाहीत, वाचताना कुतूहल वाढावं म्हणून लिहिल्या आहेत. उत्तर नम्र आहे आणि थोडं लबाडही. परीक्षा नकोच होती तर कळा आणि अंगठ्या उलगडून दाखवायचा एवढा खटाटोप कशाला केला?

आता १९९४. नीरजा गुलेरींची निर्मिती, आणि लेखक कमलेश्वर. हिंदी कथेतल्या ‘नई कहानी’ चळवळीतलं इतकं मोठं नाव तिलिस्माकडे वळलं याचं तेव्हा माझ्या ओळखीच्या हिंदी प्राध्यापकांना केवढं वैषम्य वाटलं होतं. इंदूरकरांना मालिकेचं कौतुक वेगळ्या कारणाने होतं. वीरेंद्रसिंह झालेला शाहबाज खान हा इंदूर घराण्याच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मुलगा. ज्या घरांत खाँसाहेबांचा मारवा देवघरासारखा सांभाळला जात होता, तिथेही ‘आपला पोरगा आहे’ म्हणून टीव्ही लागायचा. अखिलेंद्र मिश्रांचा क्रूरसिंह, पंकज धीरचा शिवदत्त, इरफानचा बद्रीनाथ आणि सोनू निगमच्या आवाजातलं शीर्षकगीत यांनी उरलेलं काम केलं.

रविवारच्या त्या प्रेक्षकाचा डोळा मात्र आधीच घडलेला होता. १९८७ पासून ‘रामायण’, मग ‘महाभारत’: आकाशात बाणावर बाण आदळतो, तेज फुटतं, माणूस अंतर्धान पावतो. १९८५ मधल्या ‘विक्रम और बेताल’पासूनच चमत्कार म्हणजे पडद्यावरचा झगमगाट असं समीकरण बसलं होतं. त्या डोळ्याला कळ, खटका, फरशी असलं काही दाखवून भागणार नव्हतं. शिवाय कादंबरी चार भागांची आणि आटोपशीर. दर आठवड्याला एक असे दोन वर्षं भाग करायचे तर गोष्ट वाढणारच. पुस्तकात खरा मोठा शत्रू शिवदत्त. मालिकेत क्रूरसिंह डोक्यावर बसला, कारण लोकांना तोच हवा होता. पाठोपाठ जादू आली, नागमणी आले, विषकन्या आल्या.

एका बाबतीत मी मालिकावाल्यांची बाजू घेईन. ऐयारी मुळात कागदावरचा खेळ आहे. खत्री लिहितात, एक नकाबपोश आला. एवढंच. तो कोण हे पुढची पाच-सहा ‘बयानं’, म्हणजे प्रकरणं, ते सांगत नाहीत आणि वाचकाचं काही अडत नाही, कारण त्याला चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. पडद्यावर नकाबामागचे डोळे दिसतात, चाल दिसते. शेंबडं पोरही ओळखतं की हा वीरेंद्रसिंहाचा ऐयार तेजसिंह. तेजसिंह दुसऱ्याच्या रूपात जातो तेव्हा तर पेच आणखी वाढतो. त्याच नटाला रंगवून पाठवावं तर समोरचा दरबार मूर्ख ठरतो. दुसरा नट घ्यावा तर प्रेक्षकाला फसवल्यासारखं होतं, आणि उंची, आवाज, हातांची ठेवण यांचं काय हा प्रश्न उरतोच. पुस्तकातला ऐयार आरसा घेऊन झाडाखाली बसतो, बटव्यातून शिशा काढतो, सावकाश तोंड रंगवतो. त्याला वेळ लागतो आणि म्हणून ते पटतं. टीव्हीला ती सवड नाही. एक कट, आणि माणूस बदललेला. एकदा हे क्षणात व्हायला लागलं की ते हुन्नर उरत नाही, सिद्धी होते. मालिकेत जादू शिरली ती बहुधा याच फटीतून, आणि दिग्दर्शक कितीही हुशार असता तरी ती फट बुजली नसती.

म्हणून पलीकडच्या तटाचं दुखणं मला असं दिसतं: त्यांना वाचक म्हणून खत्रींशी जो डाव खेळायला मिळत होता तो मोडला. माझी एक मावशी, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली, मालिका बघताना सारखी विचारायची, ‘अरे, पण हे झालं कसं ते कधी सांगणार?’ कुणी सांगितलं नाही. तिने तिसऱ्या महिन्यात टीव्हीसमोरची खुर्ची सोडली आणि स्वयंपाकघरातून नुसतं शीर्षकगीत ऐकू लागली. गंमत अशी की मालिकेने केलेली ‘वाट’ पाहिली तर ती सरळ मागे, ‘होशरुबा’कडे जाते. खत्रींनी दाराबाहेर ठेवलेला जादूगार शंभर वर्षांनी परत आत आला, इतकंच. ‘महाभारत’चे संवाद लिहिणारे राही मासूम रझा यांचं अलीगढचं संशोधन ‘होशरुबा’वरच होतं, ती दास्तान टीव्हीच्या लेखणीला अगदीच परकी नव्हती.

मालिका १९९६ मध्ये थांबली. त्यानंतर २०११ मध्ये सहारा वनवर एक ‘चंद्रकांता’ येऊन गेली. २०१७ मध्ये तर दोन वाहिन्यांनी काही महिन्यांच्या अंतराने आपापली काढली, लाइफ ओकेवर एक आणि कलर्सवर दुसरी. यांच्याबद्दल इंदुरात फारसं भांडण झालं नाही, कारण भांडायला पुस्तक वाचलेले लोक उरले नव्हते. आमच्या घरातली तरुण मंडळी तेव्हा ‘गेम ऑफ थ्रोन्स’वर वाद घालत होती. तिथली अडचण निराळी. मूळ लेखकाची पुस्तकं अपुरी आणि मालिका पुढे निघून गेलेली. इथे पुस्तक शतकापूर्वीच पुरं झालेलं, तरी कुणाला ते पुरेसं वाटत नव्हतं.

लेखकाच्या पश्चात दुसऱ्या हाताने गोष्ट पुढे नेणं खत्रींच्या वाचकांनी याआधीही पाहिलेलं आहे. ‘संतति’तला भूतनाथ इतका लोकप्रिय झाला की खत्रींनी त्याच्यावर स्वतंत्र कादंबरी सुरू केली. तिचे सहा भाग झाले आणि १९१३ मध्ये ते गेले. उरलेले पंधरा भाग त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद खत्री यांनी लिहिले. एकविसाच्या एकवीस भागांत कळा आहेत, औषधं आहेत, बटवे आहेत, जादू नाही. वडिलांचं काम कुठे संपतं आणि मुलाचं कुठे सुरू होतं हे जुने वाचक अजून पैज लावून सांगतात. माझ्या मावशीला ते सातव्या भागाच्या पहिल्याच बयानात कळलं होतं म्हणे, पण तिने एकविसावा भाग संपेपर्यंत पुस्तक खाली ठेवलं नाही.