पुण्यात नदीकाठचा प्लॉट: पूररेषेचा दाखला, ना हरकत आणि लागणारे कागद

मुठेकाठच्या प्लॉटबद्दल चौकशी केली की पहिलं उत्तर बहुतेक वेळा मिळतं ते असं: "रहिवासी झोन आहे, काळजी करू नका." झोन रहिवासी असतोही, आणि तरी निम्मा प्लॉट निळ्या पूररेषेच्या आत असू शकतो. झोन विकास आराखड्यानं ठरतो, पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. त्यामुळे झोन दाखला हातात आला म्हणजे पूररेषेचा प्रश्न सुटला, असं होत नाही.

निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. खडकवासला धरणाच्या खाली मुठेसाठी त्यामागचे विसर्ग (नदीतून वाहणारं पाणी) अनुक्रमे ६० हजार आणि १ लाख क्युसेक (सेकंदाला घनफूट) धरलेले आहेत. आता जुलै २०२४ आठवा. सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं होतं, तेवढ्यातच सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत ते घरांत शिरलं. म्हणून माझं मत असं की, नकाशावरचा रंग बघून थांबू नका. आपल्या जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि तिथली पूरपातळी, दोन्ही मीटरमध्ये लिहून घ्या.

कुठे काय चालतं

राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली (लोक तिला 'युनिफाइड डीसीपीआर' म्हणतात) डिसेंबर २०२० पासून पुण्याला लागू आहे. नदीचा काठ आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध. तिथे पार्किंग, बाग, मोकळी जागा, ओट्यांचा भाजीबाजार, स्मशानभूमी, जलवाहिन्या, मैलापाणी शुद्धीकरण केंद्र अशाच गोष्टी चालतात. निळी आणि लाल यांमधला पट्टा नियंत्रित. इथे बांधता येतं, मात्र लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंचावर.

निळ्या रेषेच्या आतल्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला वाट आहे, पण मूळ बांधकाम अधिकृत हवं आणि जलसंपदा विभागाची ना हरकत हवी. जोत्याची उंचीही तीच, लाल पातळीच्या वर ०.४५ मीटर. सोसायट्यांची गाडी अडते ती बहुधा 'अधिकृत' या शब्दापाशी. जुना मंजूर नकाशा आणि भोगवटापत्र सापडत नसेल तर आधी ते महापालिकेतून नक्कल म्हणून काढा, विकसकाशी बोलणी नंतर.

प्लॉटचा काही भागच पूररेषेत येत असेल, तर त्या भागाचा एफएसआय (जमिनीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात किती बांधता येतं, तो निर्देशांक) उरलेल्या जागेवर वापरू देण्याची तरतूद नियमावलीत आहे. खरेदीदाराला ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

अर्ज कोणी, कुठे करायचा

अर्ज जमीनमालक, त्याचा कुलमुखत्यारपत्रधारक किंवा नोंदणीकृत सोसायटी करू शकते. खरेदीच्या विचारात असाल तर विक्रेत्यालाच अर्ज करायला लावा. तो टाळाटाळ करू लागला तर त्यातून काय समजायचं ते समजा.

पहिली पायरी महापालिकेत: झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा (आराखड्यातला आपल्या जागेपुरता तुकडा). या दोन्ही सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित आहेत, म्हणून मुदत उलटली तर अपील करता येतं. अर्जाची पोच जपून ठेवा, अपिलाला तीच लागते.

दुसरी पायरी जलसंपदा विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे. अर्जात सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर लिहून 'या जागेवरील निळ्या व लाल पूररेषेची पातळी कळवावी' असं स्पष्ट मागा. नुसतं 'पूररेषेचा दाखला मिळावा' लिहिलं तर उत्तरही तसंच मोघम येतं.

सोबत सात-बारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक, भूमी अभिलेखच्या मोजणीची 'क' प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा), भाग नकाशा, मालकी बदलली असेल तर फेरफार, आणि अर्जदार मालक नसेल तर कुलमुखत्यारपत्र. यांत सगळ्यात जड कागद म्हणजे समतल रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) सर्वेक्षण नकाशा. तो शासकीय तलचिन्हाशी (समुद्रसपाटीपासूनची उंची नक्की केलेल्या खुणेशी) जोडलेला असावा लागतो. सर्व्हेअरनं प्लॉटच्या कोपऱ्याला '१००' धरून काढलेल्या उंचीचा पूरपातळीशी काही मेळ बसत नाही. मोजणीला वेळ लागतो, तेव्हा सुरुवात तिथूनच करा.

हे सगळं हाती आलं की आर्किटेक्ट बांधकाम परवानगीचा प्रस्ताव दाखल करतो. नकाशावर दोन्ही रेषा आणि जोत्याची पातळी दाखवलेली आहे ना, हे सही करण्याआधी स्वतः बघा.

प्लॉटमधून ओढा जात असेल तर

ओढा बुजवणं हा पर्याय नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला आलेला पूर पुणेकरांच्या लक्षात आहे. सखल जागेतून स्पष्ट काठ नसलेला लहान प्रवाह जात असेल, तर त्याला ठरावीक मार्गानं नेण्याची परवानगी मिळू शकते. अट अशी की पाणी जिथून आत येतं आणि जिथून बाहेर पडतं त्या जागा बदलायच्या नाहीत, आणि मार्ग व काटछेद (प्रवाहाचा आडवा छेद) परवानगी देणारं प्राधिकरण ठरवेल तेच. यासाठी आतल्या आणि बाहेरच्या टोकाच्या तळपातळ्या व वरच्या बाजूचं पाणलोट क्षेत्र दाखवणारा नकाशा तयार ठेवा. हा अर्ज लेआउटच्या (जागेत रस्ते आणि प्लॉट पाडण्याच्या आराखड्याच्या) आधी करावा. लेआउट मंजूर झाल्यावर ओढ्याची जागा बदलली, तर आखलेले रस्ते आणि प्लॉटच्या हद्दी पुन्हा मंजूर करून घ्याव्या लागतात.